धोंड्याच्या महिन्यातला उद्योगसमूह

आमच्या उद्योगसमूहाच्या अमरावतीच्या कार्यालयात शिरलं की समोरच्या भिंतीवर एक झाड रंगवलेलं आहे. त्याला नऊ फांद्या, आणि प्रत्येक फांदीवर एकेका कंपनीचं नाव. खोडावर उभ्या अक्षरांत ‘दूरदृष्टी’ असं लिहिलंय. येणारे पाहुणे झाडासमोर उभे राहून फोटो काढतात. मी या समूहात पंचवीस वर्षं पत्रव्यवहार सांभाळते. म्हणजे मालकांच्या वतीनं पत्रं लिहिते, भाषणं लिहिते, आणि कोणी वारलं तर शोकसंदेशही मीच लिहिते. त्यामुळे या झाडाची एकेक फांदी फुटताना मी जवळून पाहिली आहे. दूरदृष्टीबद्दल मला फारसं सांगता येणार नाही.

ज्या धंद्यातून हे सगळं निघालं, ते अकोल्याचं जिनिंग मात्र झाडावर नाही. चित्रकारानं विचारलं होतं. थोरले जावई म्हणाले, ‘‘ते जुनं आहे हो. धूळ असते तिथं.’’

जिनिंग म्हणजे शेतकऱ्याच्या कापसातून सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधायच्या. काळ्या मातीवर चार पिढ्या शेती केलेल्या घरातले मालक पस्तिशीत अकोल्याला आले आणि त्यांनी हा कारखाना सुरू केला. त्यांना चार मुली, मुलगा नाही. तिघींची लग्नं झाली. तिसरीनं केलं नाही. का केलं नाही, हे पुष्कळांनी विचारलं आणि तिनं प्रत्येकाला वेगळं कारण सांगितलं, तेव्हा विचारणं थांबलं. तिला कारखान्यात सगळे ताई म्हणतात. पंधरा वर्षं जिनिंग तीच चालवते आहे. सकाळी सातला फाटकावर उभी असते, गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालते, मूठभर काढून दोन्ही अंगठ्यांत तार ओढून पाहते, आणि ओल किती, कवडी, म्हणजे खराब पिवळट कापूस, किती, हे सांगते. यंत्रानं मोजल्यावर बहुतेक तेवढंच निघतं.

आता झाडाकडे परत जाते.

मी मूळची नांदगाव खंडेश्वरकडची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मी अर्थशास्त्रात एम.ए. केलं. प्राध्यापकी मिळाली नाही. का मिळाली नाही, हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मग अकोल्याला मालकांकडे पत्रं लिहायला लागले. पहिल्याच दिवशी मालकांनी माझं पत्र परत केलं.

‘‘बाई, याच्यावर तिथी कुठं हाय?’’

‘‘तारीख घातलीय ना, मालक.’’

‘‘तारीख सरकारची. तिथी आपली. दोन्ही पायजेत.’’

छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घरात पंचांग आलेलं नव्हतं. ते मी नोकरीसाठी बसस्टँडवरून विकत आणलं. वडिलांनी ते टेबलावर पाहिलं, उचलून दोन पानं चाळली आणि म्हणाले, ‘‘पोटासाठी मानूस काय काय शिकते!’’ रागानं नव्हे, जरा मजेनंच. तेव्हापासून समूहातून गेलेल्या प्रत्येक पत्राच्या डोक्यावर तारखेखाली तिथी आहे आणि ती माझ्या हातची आहे.

जी पद्धत आपल्या घरातली नसते ती माणूस नीट पाहतो. अधिक महिना माझ्यासाठी तसाच होता. वऱ्हाडात त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. अडीच-तीन वर्षांनी हा जादा महिना येतो तेव्हा लेकीला आणि जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि जावयाला वाण द्यायचं: तेहतीस अनारसे, नाहीतर बत्तासे, वर चांदीचा दिवा. वाणाची वस्तू जाळीदार असावी, असं शास्त्र सांगतं.

माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष संपता संपता अधिक ज्येष्ठ आला. थोरलीचं लग्न नुकतंच झालेलं, म्हणजे जावयाचा पहिला धोंडा. पुढे घडलं ते मला ताईनं सांगितलं. ती तेव्हा बारावीत होती आणि त्या पंगतीत वाढत होती. मालकांनी अमरावतीच्या सराफाकडे चांदीचा मोठा दिवा करायला टाकला होता. तो आणायला गेलेला माणूस बडनेऱ्याला अडकला. इकडे पानं मांडलेली, जावई पाटावर बसलेले, व्याही समोर, आणि ताटात नुसते अनारसे. व्याह्यांनी ताटाकडे एकदा पाहिलं आणि मिशीवरून हात फिरवला. ताई म्हणते, त्यांच्या मिशीला खाज सुटली असेल तर समूहाचा इतिहास वेगळा असता. मालकांना तो हात सोसला नाही. त्यांनी खिशात हात घातला. खिशात आठवड्यापूर्वी घेतलेल्या तेलगिरणीच्या किल्ल्या होत्या. जिनिंगमधून निघणारी सरकी बाहेर विकण्यापेक्षा आपणच गाळावी म्हणून त्यांनी ती गिरणी घेतली होती. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी अनारशांवर ठेवला.

‘‘ही तुमची.’’

सराफाचा दिवा संध्याकाळी आला. तो अजून त्यांच्या देवघरात आहे.

एका जावयाला गिरणी दिल्यावर दुसऱ्याला बत्ताशांवर कसं भागवणार? पुढच्या अधिक आश्विनात दुसऱ्या जावयाला पाच ट्रक मिळाले. त्याच्या पुढच्या अधिक श्रावणात धाकट्या जावयाला मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागांसाठी ठिबकच्या नळ्या करायचा कारखाना. या नळ्यांना भोकं असतात, म्हणजे शास्त्राचंही समाधान झालं. मग पाळी पुन्हा थोरल्यांवर आली. अशी आठ-नऊ वर्षांनी फिरून पाळी येत गेली आणि फांद्या फुटत गेल्या: डाळमिल, ट्रॅक्टरची एजन्सी, इंग्रजी शाळा, औषधनिर्माण महाविद्यालय, इस्पितळ, आणि शेवटी अमरावतीचं हॉटेल. हॉटेलात मी दोनदा जेवले आहे. तिथली पोळी मऊ असते, एवढंच म्हणेन.

अधिक महिन्यात नव्या कामाचा नारळ फोडत नाहीत. म्हणून अधिकात फक्त ‘दिलं’ असं म्हणायचं, मला तसं पत्र लिहायला सांगायचं, आणि उद्घाटन पुढच्या निज, म्हणजे नेहमीच्या, महिन्यात. कोनशिलेवर निज महिन्यातली तारीख असते. खरी तारीख माझ्या फायलीत.

मालकांवर अन्याय नको. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मी या पसाऱ्याचं दुसरं कारणही जाणते. त्या काळी अकोल्यात गाठी तयार असत आणि ट्रक मिळत नसे. ट्रक मिळाला तर डिझेल नसे. चांगला इंजिनिअर नागपूरहून यायला तयार होई, पण मुलांना शाळा कुठली, असं त्याची बायको विचारी. जे बाहेर मिळत नाही ते घरात करा, हाच एक रस्ता होता. गरीब देशात मोठी घराणी सुईपासून सिमेंटपर्यंत सगळं का करतात, याचं पुस्तकात दिलेलं उत्तर हेच आहे आणि ते बरोबर आहे. फक्त ट्रकची गरज कार्तिकात लागे आणि ट्रक येत अधिकात. सिद्धांताला मुली नव्हत्या, मालकांना होत्या.

गेल्या अधिक श्रावणाच्या आधीच्या थंडीत थोरल्या जावयांनी पुण्याहून एक सल्लागार बोलावला. जेमतेम तिशीचा, सभ्य, बिनदुधाची कॉफी पिणारा मुलगा. तो तीन आठवडे आमच्या हॉटेलात राहिला आणि हॉटेलबद्दल एक शब्द बोलला नाही, त्यावरून मी त्याला सभ्य म्हणते. त्याला प्रत्येक कंपनीच्या निर्णयाची तारीख हवी होती. मी फायलींतल्या पत्रांवरून तारखा काढून दिल्या. इंग्रजी तक्ता होता, म्हणून तिथ्या दिल्या नाहीत.

चार दिवसांनी तो माझ्या टेबलाशी आला. डोळे चमकत होते.

‘‘मॅडम, तुमच्या मालकांची शिस्त विलक्षण आहे. दर अडीच-तीन वर्षांनी नवा उद्योग. तेलगिरणीपासून एकदाही खंड नाही.’’

‘‘असं?’’

‘‘मी पावसाशी ताडून पाहिलं, कापसाच्या भावाशी पाहिलं, निवडणुकांशीही पाहिलं. कशाशीच संबंध नाही. म्हणजे ही आतली लय आहे. त्यांनी कधी कुठं हे मांडलंय का?’’

‘‘लिहून नाही ठेवलं त्यांनी.’’

‘‘अशी माणसं लिहीत नाहीत,’’ तो आदरानं म्हणाला.

सांगावंसं वाटलं मला. पण थोरल्या जावयांनी बोलावलेला वैद्य. त्याचं निदान मी फुकटात कशाला मोडू? अहवालात त्यानं या लयीला ‘शिस्तबद्ध विस्तार’ असं नाव दिलं आणि तिच्यावर सहा पानं लिहिली. सातव्या पानावर शिफारस होती. पुढचा विस्तार येत्या पावसाळ्यात अपेक्षित आहे. त्यासाठी अकोल्याचं जिनिंग बंद करावं. धंद्यात आता फारसं उरत नाही, शहर वाढत वाढत कारखान्याच्या पलीकडे गेलंय, तेव्हा त्या जागेवर व्यापारी संकुल उभारावं. संकुल कोण सांभाळणार हे अहवालात नव्हतं, पण पाळी कोणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं. थोरल्या जावयांनी मालकांशी बोलणं केलं होतं आणि मालकांनी ‘पाहू’ म्हटलं होतं. जावयापुढे मालकांचं ‘पाहू’ म्हणजे होकार.

म्हणजे अधिक श्रावणात ताईचं जिनिंग जाणार होतं. ताईला हे मीच सांगितलं. ती त्या वेळी फाटकावर होती. हातातला कापूस तिनं परत गाडीत टाकला.

‘‘मले विचारलं कोनं?’’

‘‘कोणीच नाही.’’

‘‘आनं ही पन्नास मानसं? सरकीवाल्या बाया?’’

‘‘अहवालात त्यांना ‘इतर’ म्हटलंय.’’

ती हसली, पण ओठानंच. ‘‘मी कायच्यात हाय?’’

तक्त्यात प्रत्येक कंपनीपुढे प्रमुखाचं नाव होतं. जिनिंगपुढे मालकांचं होतं. ताईला आजवर नेमणुकीचं पत्र मिळालेलं नव्हतं. कंपनी जावयाला मिळते आणि पत्रही त्यालाच. मी तिला ते सांगितलं नाही. तिला माहीत होतं.

मालक इंग्रजी वाचत नाहीत. अहवाल मराठीत करून दे, असं त्यांनी मला सांगितलं. मी केला. तारखांच्या तक्त्याशी आले तेव्हा सवयीनं प्रत्येक तारखेखाली तिथी घातली. मुद्दाम घातली का, असं ताईनं मला नंतर विचारलं. सवय होती हे खरं. त्या दिवशी सवयीला मी अडवलं नाही, हेही खरं.

मालक अकोल्याच्या जुन्या खोलीत बसून वाचत होते. ओळीखाली बोट धरून वाचायची त्यांची पद्धत आहे. शिस्तबद्ध विस्तार वाचताना ते खुशीत होते. मग तक्ता आला. बोट वरून खाली गेलं, थांबलं, पुन्हा वर आलं. अधिक ज्येष्ठ. अधिक आश्विन. अधिक श्रावण. पुन्हा अधिक ज्येष्ठ. अधिक वैशाख. अधिक भाद्रपद. अधिक आषाढ. अधिक ज्येष्ठ. अधिक आश्विन.

‘‘बाई, हे काय हाय?’’

‘‘तुमच्या कंपन्या, मालक. तक्ता त्या साहेबांचा आहे. मी तिथ्या घातल्या.’’

‘‘सगळ्या धोंड्याच्या?’’

‘‘एक सोडून.’’

त्यांचं बोट पहिल्या ओळीवर गेलं. जिनिंग. कार्तिक शुद्ध.

बाहेर प्रेस चालू होती. गाठ बांधून झाली की ती एक धापेसारखा आवाज करते. तसे तीन आवाज झाले.

‘‘तवा कापूस घरी आल्ता,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘म्हून सुरू केल्तं.’’ मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ‘‘त्या पोट्ट्याले हे समजलं नाई?’’

‘‘त्यांच्याकडे पंचांग नव्हतं.’’

‘‘आनं तुमच्या घरी होतं काय?’’

‘‘तुम्हीच घ्यायला लावलं, मालक.’’

ते हसले. हसता हसता खोकले, आणि ताईला बोलवा म्हणाले. मी उठायला लागले तर हातानंच बसा म्हणून सांगितलं.

ताई आली ती डोक्यावर रुईचे कण घेऊनच.

‘‘बस,’’ मालक म्हणाले. ‘‘तुले जिनिंग कायले पायजे? त्याच्यात काय उरलं हाय आता? तुले हॉस्पिटल पायजेन तर सांग. मधल्या जावयाशी बोलतो मी.’’

‘‘मले हॉस्पिटल कायले? मी बिमार हाय का?’’

‘‘तोंड लय चालते तुह्यं.’’

‘‘कामच तसं हाय. फाटकावर मुकं राहून भाव ठरते का, बाबा?’’

‘‘म्या थोरल्यायले सांगून देल्लं.’’

‘‘हाव, मालूम हाय मले. मी जावई नाई झाली, हे माह्यं चुकलंच.’’

मालकांनी तक्ता तिच्यापुढे सरकवला. तिनं तो वाचला; तिला एका नजरेत कळलं. मला वाटलं ती टोमणा मारेल. तिनं मारला नाही. कागद उलटा ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, ‘‘बाबा, मले वाण नको. वाणाच्या गोष्टी पाहून राहिली मी एवढ्या वर्षांपासून. दिल्यावर कोनी इचारत नाई चालते का नाई. मले हे काम द्या. चाललं तर माह्यं, बुडलं तरी माह्यं. आनं लेखी द्या.’’

‘‘धोंड्यात जावयाले खाली हात कसं धाडू?’’

पन्नाशीतल्या अर्थशास्त्राच्या पदवीधरानं यावर सांगावं तरी काय? समूहाचं भांडवल, धोरण, विस्तार सगळं त्या एका प्रश्नावर उभं होतं. जावयाला दिलेला शब्द आणि तोही धोंड्यासाठी. तो मोडणं मालकांच्या हिशोबात बसतच नव्हतं.

धोंड्याआधीचा महिना ताईनं कसा काढला, हे मी पाहिलं आहे. ती रोज सातला फाटकावर येत होती. हंगाम सरला होता, गाड्या तुरळक होत्या. एकदा तिनं मला विचारलं, ‘‘बाई, दुसऱ्याच्या जिनिंगमदी मले ग्रेडर म्हून ठेवतीन का?’’ मी म्हटलं, ठेवतील. ती म्हणाली, ‘‘मंग ठीक हाय,’’ आणि ते ठीक नव्हतं.

गाठ सोडवली मालकीणबाईंनी. अनारशांचं पीठ मळत होत्या. मालकांनी सहीसाठी काही कागद घरी मागवले होते म्हणून मी गेले होते आणि दाराशी उभी होते. मालक ओसरीवर बसून सुस्कारे सोडत होते.

‘‘का झालं?’’ मालकीणबाईंनी विचारलं.

‘‘एकीकडं पोरगी, एकीकडं जावई.’’

‘‘त्यायले काय पायजे? मशिनी पायजेत?’’

‘‘नाई. जागा पायजे.’’

‘‘मंग जागा द्या. पोरीले मशिनी द्या. मशिनी का त्या जागेत पेरल्यात?’’

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे एवढ्या मोठ्या अहवालात का नव्हतं, असं मला विचारत होते. मालकीणबाई पिठाचा गोळा आपटत पुढे म्हणाल्या, ‘‘तीस वर्षांपासून अनारसे करून राहिली मी. या बाईले तरी एक इचारलं होतं का कोनं?’’ कोणती बाई, ते त्यांनी सांगितलं नाही. मुलगी असावी, किंवा स्वतः.

अधिक श्रावणात जेवण झालं. थोरल्या जावयांना जागा मिळाली. ते प्रसन्न होते, यंत्रांची त्यांना अडगळच झाली असती. त्या दिवशी मी दोन पत्रं लिहिली. जावयांचं पत्र त्याच तारखेचं. ताईच्या पत्रावर मालकांनी तारीख घालू दिली नाही. ‘‘हे निजात टाका,’’ म्हणाले. ‘‘हे काम हाय.’’ त्या पत्रात मी विशेषणं घातली नाहीत. पंचवीस वर्षांत बिनविशेषणांचं ते माझं पहिलंच पत्र.

पण पत्रानं कापसातली सरकी निघत नाही. ताईच्या हातात आता यंत्रं होती आणि डोक्यावर छप्पर नव्हतं. कापूस यायला तीन महिने. तिनं बोरगाव मंजूच्या अलीकडे, महामार्गाला लागून, बंद पडलेल्या एका गोदामाची जागा भाड्यानं घेतली. शेड, वीजजोडणी, अग्निशमनाचा दाखला, पाया, सगळं नव्यानं. यंत्रं हलवायला तिनं आधी दुसऱ्या मेहुण्यांना फोन केला.

‘‘ट्रक रिकामे नाहीत हो सध्या. दिवाळीनंतर पाहू,’’ ते म्हणाले.

पाण्याच्या नळ्यांसाठी धाकट्यांकडे विचारलं. त्यांनी घरचा भाव सांगितला. तो बाजारापेक्षा थोडा जास्त निघाला. घरचं म्हणून चांगला माल देतो, असं ते म्हणाले.

मग ताईनं मला एक दिवस बसवून फोन करायला लावले. क्रेन मूर्तिजापूरहून आली, दुसऱ्याच दिवशी. ट्रक फोनवरच्या एका ॲपवरून मिळाले. नळ्या मोबाइलवर मागवल्या, त्या तीन दिवसांत आल्या आणि मोजून बरोबर निघाल्या. जळगावचा एक मेकॅनिक आला, त्यानं प्रेस खोलून पुन्हा बसवली. ज्या समूहात सगळं घरचं होतं, त्यातून बाहेर पडणाऱ्या एका मुलीनं सगळं बाहेरून आणलं आणि ते वेळेवर आलं. माझ्या पुस्तकातला सिद्धांत मला त्या आठवड्यात जुना वाटला. बाहेर काही मिळत नाही म्हणून घरात सगळं करायचे ते दिवस केव्हाच सरले होते. आमच्याकडे फक्त धोंड्याचा महिना येत राहिला होता. एरवी बाहेर काय मिळतं हे पाहायला कोणी गेलंच नव्हतं.

मला हे मालकांना सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. त्यांच्या अमृतमहोत्सवाचं भाषण मला लिहायचं होतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. जुन्या पन्नासातले वीस लोक लांब पडतं म्हणून आले नाहीत. सरकी वेचणाऱ्या बायांसाठी ताईला रोजची गाडी लावावी लागली. बँकेचा माणूस दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा त्यानं विचारलं, ‘‘मालक कधी भेटतील?’’ दोन्ही वेळा ताईनं त्याला खुर्ची दिली आणि म्हटलं, ‘‘भेटले ना.’’

कार्तिकात पहिली गाडी यायची होती त्या दिवशी मी अमरावतीहून गेले. उद्घाटन नव्हतं. मांडव, फीत, कोनशिला काही नव्हतं. मला भाषण लिहायला सांगितलं नव्हतं, हेच मुळात चुकल्यासारखं वाटत होतं. वजनकाट्याची पूजा सकाळीच उरकली होती. फाटकावर ताई, दोन हमाल, आणि एक कुत्रं, जे कोणाचंच नव्हतं. नऊ वाजले, दहा वाजले. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जात होत्या, पण अकोल्याकडे. ताईनं दोनदा काट्यावर पाय देऊन पाहिला.

साडेदहाला एक मोटार आली. तिच्यातून मालक उतरले. एकटेच. हमालानं गोदामातली खाट आणून काट्याशेजारी टाकली, मालक तिच्यावर बसले. ताईनं त्यांना पाणी दिलं.

‘‘आली का कोनी?’’

‘‘येईन.’’

‘‘पाटी लहान लावली तुवा.’’

‘‘वाचता येते ना? मंग झालं.’’

अकराच्या सुमारास एका पिकअपनं दिवा दाखवला आणि ती आत वळली. मूर्तिजापूरकडचा एक शेतकरी, सोबत त्याची बायको कापसाच्या ढिगावर बसलेली. तो उतरला, त्यानं मालकांना ओळखलं आणि सरळ खाटेकडे गेला.

‘‘रामराम मालक. पाहा माल. पहिली वेचनी हाय.’’

मालकांनी गाडीत हात घातला. मूठ काढली, अंगठ्यांत तार ओढली, प्रकाशात धरली. चाळीस वर्षांची सवय. चेहरा उजळला आणि त्यांनी भाव सांगून टाकला. चांगला भाव होता. शेतकरी बायकोकडे बघून हसला.

ताई पुढे आली. तिनं त्याच गाडीत, पण खालच्या बाजूनं, कोपरापर्यंत हात घातला.

‘‘खाली ओल हाय, बाबा. वरचा वाळलेला हाय, खालचा रात्रीचा.’’

‘‘थोडी असन,’’ मालक म्हणाले.

‘‘थोडी नाई. हा भाव नाई होत.’’ आणि तिनं आपला भाव सांगितला.

शेतकऱ्याचं हसू गेलं. त्यानं ताईकडे पाहिलं, मग मालकांकडे. ‘‘मालक, तुमी सांगतलं ना आत्ता?’’

मी हातातली वही बंद केली. हमाल थांबले. इतकी वर्षं मी पाहत आले होते की अशा वेळी मालक हात हलवतात आणि विषय संपतो. ताई मालकांकडे पाहत नव्हती. ती मुठीतला ओला कापूस बोटांनी सोडवत होती.

मालकांनी आपल्या मुठीतला कापूस गाडीत परत टाकला, हात झटकले.

‘‘भाऊ,’’ ते म्हणाले, ‘‘तिले इचारा. मी पाव्हना हाय इतं.’’

शेतकरी ताईकडे वळला. घासाघीस सुरू झाली. त्याची बायको वरूनच म्हणाली की दव पडते तर आमी काय करावं. ताई म्हणाली, दव पडते तर ताडपत्री घ्यावी, काकू. मग थोडं तिनं सोडलं, थोडं त्यानं. मालक खाली बघत ऐकत होते.

ठरलं. हमालानं गाडी काट्यावर घ्यायला सांगितलं. गाडी मागे आली आणि थांबली.

‘‘बाबा,’’ ताई म्हणाली, ‘‘उठा जरा. खाट तिकडं घ्या, गाडी वळवाची हाय.’’

मालक उठले. हमाल धावला, पण त्यांनी त्याला गाडीकडे पाठवलं आणि खाटेचे दोन पाय स्वतः उचलले. दुसऱ्या बाजूचे दोन मी धरले. आम्ही ती भिंतीशी नेऊन ठेवली.